'हलकी क्रूझर' ही संज्ञा आणि 'दिल्ली' युद्धनौका

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे प्रस्तुत लेखकाचे गाव. जुन्नर-आंबेगावच्या इतर गावांप्रमाणे येथूनही माणसे पोटासाठी मुंबईस जात आली. काही गिरणीत लागली, काही गोदीत. नाविक गोदीत फिटर म्हणून आयुष्य काढलेले एक निवृत्त गृहस्थ लेखकाच्या विद्यार्थिदशेत गावी राहत असत. 'दिल्ली' ह्या युद्धनौकेविषयी ते मोठ्या अगत्याने बोलत. कोठल्याशा पुस्तकात तिचा उल्लेख 'हलकी क्रूझर' असा वाचून "बाबा, हलकी म्हणजे किती हलकी?" असे एकदा आम्ही त्यांस विचारले. ते हसून म्हणाले, "हलकी? अरं, तिचा एक गोळा उचलून दाव, मंग हलकी म्हन." उत्तर विनोदाने दिलेले होते, परंतु त्या संज्ञेचे मर्म त्यात किती नेमके आले होते हे पुढे ह्या विषयाचे वाचन करताना ध्यानात आले. ह्या संज्ञेचा अर्थ उलगडावा, आणि तो अर्थ त्या एका नौकेच्या रचनेत व युद्धजीवनात कसा उतरला हे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'हलका' हा शब्द मराठीत केवळ वजनाचा वाचक नाही. संस्कृत 'लघु', प्राकृत 'लहु', आणि वर्णविपर्ययाने 'हलु' अशी त्याची वाटचाल आहे. हा विपर्यय हेमचंद्रानेही नोंदविला आहे. 'हळू', 'हळवा', 'हलका' ही सारी त्याच कुळातील मंडळी. आमच्याकडील शेतकरी 'हलकी जमीन' आणि 'भारी जमीन' म्हणतो तेव्हा त्याच्या हाती तराजू नसतो. मातीची खोली आणि ओल धरून ठेवण्याची तिची शक्ती त्याच्या मनात असते. भीमाशंकरच्या बाजूस भाताच्या जाती 'हळव्या' आणि 'गरव्या' अशा मानतात. तेथेही दाण्याचे वजन अभिप्रेत नसून पीक किती दिवसांत हाती येते हे अभिप्रेत असते. तात्पर्य, पदार्थाचा कोणता तरी एक गुण निवडावयाचा, आणि त्या गुणाच्या कमीअधिकपणाला हलके-भारी म्हणावयाचे, अशी ही रीत आहे. 'हलकी क्रूझर' ही संज्ञा अगदी ह्याच रीतीची आहे. तिच्यातील हलकेपणा जहाजाच्या वजनाचा नाही. तो तोफेच्या नळीच्या व्यासाचा आहे.

आपल्या जुन्या दर्यावर्दी परिभाषेत असे नव्हते. आंग्र्यांच्या आरमारातील 'गुराब' आणि 'गलबत' हे भेद जहाजाचा आकार, डोलकाठ्यांची संख्या, वल्ह्यांचा उपयोग अशा डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर उभे होते. ('गुराब' हा मूळ अरबी शब्द, त्याचा अर्थ कावळा.) बंदरावर उभ्या असलेल्या कोणाही कोळ्याला ती गुराब की गलबत हे दुरून सांगता येई. उलट, विसाव्या शतकातील क्रूझर हलकी की भारी हे ठरविण्यास तहाचे कलम हाताशी असावे लागते.

ते कलम १९३० सालचे आहे. तत्पूर्वी १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने क्रूझरसाठी १०,००० टन आणि ८ इंची तोफ अशी कमाल मर्यादा घातली होती. मर्यादा घातली की ती गाठण्याची चढाओढ लागावयाची, हा मानवी स्वभाव. सर्वच मोठी राष्ट्रे दहा हजार टनांची आणि ८ इंची तोफांची जहाजे बांधू लागली. २२ एप्रिल १९३० रोजी लंडन येथे झालेल्या तहाने म्हणून क्रूझरचे दोन पोटविभाग केले: ६.१ इंचांहून, म्हणजे १५५ मिलिमीटरहून, मोठी तोफ असलेल्या, आणि त्याहून मोठी तोफ नसलेल्या. तहाने ह्या विभागांना केवळ अक्षरे दिली होती. 'भारी' आणि 'हलकी' ही नावे व्यवहारात रूढ झाली, आणि परिभाषा व्यवहाराकडे गेली की जे होते तेच झाले: नाव राहिले, व्याख्या विसरली गेली.

व्याख्या विसरल्याने होणारा घोटाळा दोन-तीन आकड्यांवरून दिसेल. ब्रिटिशांची 'एक्झेटर' ही ८ इंची तोफांमुळे 'भारी' क्रूझर. तिचे प्रमाण विस्थापन ८,३९० टन. 'साउथॅम्प्टन' ही ६ इंची तोफांमुळे 'हलकी'. तिचे विस्थापन ९,१०० टन. म्हणजे हलकी ही भारीपेक्षा सातशे टनांनी जड. ह्यात विरोधाभास काहीच नाही. केवळ आपण वजनाचा शब्द ऐकून वजनाचा विचार करीत असतो, एवढेच.

तहाने प्रत्येक राष्ट्राला दुसऱ्या विभागासाठी एकूण टनांचा वाटाही ठरवून दिला होता: ब्रिटिश साम्राज्यास १,९२,२००, अमेरिकेस १,४३,५०० आणि जपानला १,००,४५० टन. ह्या वाट्याकडे ब्रिटन आणि जपान ह्यांनी अगदी भिन्न दृष्टींनी पाहिले. ब्रिटनचे साम्राज्य सागरी व्यापारमार्गांवर जगत होते. ते मार्ग राखावयाचे तर मोठ्या जहाजांपेक्षा जहाजांची संख्या महत्त्वाची. म्हणून दहा हजार टन खर्चण्याऐवजी सात हजार टनांत काय बसते ते त्यांनी पाहिले. (त्या मार्गांनी येणाऱ्या मालात मँचेस्टरचे कापडही होते. त्याच १९३० सालच्या १२ डिसेंबरला मुंबईत परदेशी कापड नेणाऱ्या मालमोटारीपुढे आडवे होऊन प्राण देणारे बाबू गेनू हे आमच्या महाळुंगे पडवळचेच. नौदलाच्या इतिहासात ही गोष्ट येत नाही. पण त्या क्रूझर कशाच्या रक्षणासाठी होत्या हे समजून घ्यावयाचे तर ती तेथे यावयास हरकत नाही.)

जपानची दृष्टी उलट होती. वाटा अपुरा, तेव्हा प्रत्येक जहाजात शक्य तितकी शक्ती कोंबावयाची. 'मोगामी' वर्गाच्या चार क्रूझरांवर त्यांनी प्रत्येकी पंधरा तोफा चढविल्या, आणि त्या तोफांच्या नळीचा व्यास बरोबर १५५ मिलिमीटर ठेवला. कलमाच्या शब्दाला शब्दशः चिकटून. जहाजाचे जाहीर विस्थापन ८,५०० टन. प्रत्यक्षात ते पुढे अकरा हजारांवर गेले. त्याहून मार्मिक गोष्ट अशी की, ते तोफबुरूज काढून त्यांच्या जागी ८ इंची तोफांचे बुरूज बसविता येतील अशी सोय आरंभापासूनच ठेवलेली होती, आणि तहाचे बंधन सुटल्यावर १९३९-४० मध्ये तसे करण्यातही आले. काढलेल्या बुरुजांपैकी दोन पुढे 'ओयोदो' ह्या खऱ्याखुऱ्या हलक्या क्रूझरवर बसले.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक मौजेचा पुरावा मिळतो. जपानी नौदलात पहिल्या वर्गाच्या क्रूझरांना पर्वतांची आणि दुसऱ्या वर्गाच्या क्रूझरांना नद्यांची नावे देण्याचा प्रघात होता. मोगामी, मिकुमा, सुझुया, कुमानो ह्या चारही नद्या आहेत. तोफा बदलून ही जहाजे 'भारी' झाली. नावे मात्र नद्यांचीच राहिली. शब्दाच्या जुन्या रूपावरून त्याचे मूळ कुळ ओळखावे, तसे ह्या नावांवरून त्या जहाजांचा पूर्वीचा वर्ग ओळखता येतो. 'तोने' हीदेखील नदीच. ह्या 'तोने' नौकेने मार्च १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियातून मुंबईकडे येणारे 'बेहार' हे ब्रिटिश व्यापारी जहाज हिंदी महासागरात बुडविले, आणि वाचवून घेतलेल्यांपैकी साठांहून अधिक माणसांची पुढे त्याच नौकेवर हत्या झाली. युद्धानंतर ह्या कृत्याबद्दल हाँगकाँग येथे खटला चालला.

आता मूळ विषयाच्या नौकेकडे वळू. 'लिअँडर' वर्गाची 'अकिलीज' ही क्रूझर बर्कनहेड येथील कॅमल लेअर्ड ह्यांच्या गोदीत बांधली गेली. १ सप्टेंबर १९३२ रोजी ती पाण्यात उतरली व पुढील वर्षी सेवेत दाखल झाली. प्रमाण विस्थापन सुमारे सात हजार टन, लांबी ५५४ फूट, रुंदी सुमारे ५५ फूट. सहा बॉयलर, चार टर्बाईन, ७२,००० अश्वशक्ती, वेग साडेबत्तीस नॉट. आणि सर्व बॉयलरांचा धूर एकत्र करणारे एकच भरदार धुराडे, ज्यावरून ह्या वर्गाची नौका चटकन ओळखू येई. शस्त्रांत आठ ६ इंची तोफा, पुढे दोन आणि मागे दोन अशा चार फिरत्या बुरुजांत, प्रत्येकी दोन. शिवाय ४ इंची विमानविरोधी तोफा आणि पाणतीर सोडणाऱ्या आठ नळ्या.

ह्या सर्व तपशिलांत ६ इंच हा आकडा खरा कळीचा आहे, आणि त्याचे कारण तहापेक्षा जुने आहे. ६ इंची तोफेचा गोळा ११२ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५१ किलोंचा. मंचरच्या बाजारात हमाल जी कांद्याची पिशवी खांद्यावर घेतो तिचे वजनही एवढेच असते. धडधाकट माणूस जे ओझे पुनःपुन्हा उचलू शकतो त्याची ही शेवटची पायरी होय. ८ इंची गोळा २५६ पौंडांचा. तो हाताने भरण्याची गोष्टच नको, तेथे यंत्र हवे. 'अकिलीज'च्या बुरुजात कोठारातून गोळा वर आणण्यास उच्चालक होता. परंतु तोफेत गोळा आणि त्यामागे दारूची थैली घालण्याचे काम माणसे हातांनी करीत. ती सरावलेली असली म्हणजे मिनिटास पाच-सहा गोळे सहज सुटत. तेव्हा तहातील रेषा मुत्सद्द्यांनी मिलिमीटरमध्ये आखली असली, तरी ती पडली बरोबर माणसाच्या बाहुबलाच्या सीमेवर. 'हलकी' ह्या विशेषणाचा काही वास्तव अर्थ असेल तर तो हा की, हिचा गोळा माणसाला उचलता येतो. आमच्या फिटरबाबांनी नेमके ह्यावरच बोट ठेवले होते.

ह्या हलकेपणाची किंमत चिलखतात मोजावी लागली. सात हजार टनांत वेग, इंधन आणि तोफा बसविल्यावर पोलादासाठी थोडेच वजन उरले. दारूकोठारे बऱ्यापैकी झाकली गेली. परंतु तोफबुरुजांना मिळाले अवघे एक इंच जाडीचे पोलाद. हे एक इंच वाचकांनी ध्यानात ठेवावे.

न्यूझीलंडच्या नाविक विभागाकडे सोपविलेल्या 'अकिलीज'वर निम्म्याहून अधिक खलाशी त्या देशाचे होते. १३ डिसेंबर १९३९ रोजी पहाटे, दक्षिण अमेरिकेतील प्लेट नदीच्या मुखाबाहेर, कमोडोर हार्वुड ह्यांच्या हाताखालील 'एजॅक्स', 'अकिलीज' आणि 'एक्झेटर' ह्या तीन क्रूझरांची 'अडमिराल ग्राफ श्पे' ह्या जर्मन नौकेशी गाठ पडली. तिला ब्रिटिश वृत्तपत्रे 'पॉकेट बॅटलशिप' म्हणत, जर्मन तिच्या वर्गाला 'चिलखती जहाज' म्हणत, आणि त्या वर्गातील उरलेल्या दोन नौकांना १९४० साली जर्मनांनीच 'भारी क्रूझर' ठरविले. वर्गीकरणाचा खेळ सर्वत्र सारखाच. 'श्पे'वर ११ इंची सहा तोफा होत्या. एकेक गोळा ३०० किलोंचा. तिच्या एका फैरीत १,८०० किलो पोलाद येई, 'अकिलीज'च्या एका फैरीत जेमतेम ४००.

हार्वुडने नौका दोन दिशांना विभागल्या, त्यामुळे शत्रूला आपल्या मोठ्या तोफांसाठी एक लक्ष्य निवडणे भाग पडले. 'एक्झेटर' जबर जखमी झाली; पण तो वेळ दोन्ही हलक्या क्रूझरांनी जवळ येण्यास वापरला. ८२ मिनिटांच्या झुंजीत 'अकिलीज'ने दोनशेहून अधिक फैरी झाडल्या. हे वाक्य ग्रंथांत सहज लिहिले जाते. परंतु हिंदकळणाऱ्या, धुराने कोंदलेल्या बुरुजात माणसांच्या एका तुकडीने सव्वा तासाहून अधिक काळ कांद्याच्या पिशव्या उचलाव्यात तसे गोळे उचलले, असा त्याचा अर्थ आहे. जवळच फुटलेल्या एका ११ इंची गोळ्याच्या ठिकऱ्या तोफमाऱ्याचे नियंत्रण करणाऱ्या मनोऱ्यात शिरल्या. नौकेवरील चौघे मृत्युमुखी पडले आणि कप्तान विल्यम एडवर्ड पॅरी ह्यांचे पाय जखमी झाले. 'श्पे' माँटेव्हिडिओ बंदराच्या आश्रयास गेली आणि १७ डिसेंबरला तिच्याच कप्तानाने तिला सुरुंग लावून बुडविले. सहा इंची गोळ्यांनी तिचे मुख्य चिलखत फारसे भेदले नव्हते. पण तिचा वरचा सांगाडा त्यांनी असा खिळखिळा केला की दूरवरच्या मायदेशी सुखरूप परतण्याची आशा तिला राहिली नाही.

हे हलकेपणाचे यश. त्याची दुसरी बाजू तीन वर्षांनी दिसली. ५ जानेवारी १९४३ रोजी सॉलोमन बेटांजवळ जपानी विमानाचा एक बॉम्ब 'अकिलीज'च्या तिसऱ्या, म्हणजे 'एक्स' बुरुजावर पडला. एक इंचाचे छत ते काय! बुरूज उद्ध्वस्त झाला आणि १३ माणसे गेली. दुरुस्तीसाठी नौका पोर्ट्समथला गेली. तेथेही जूनमध्ये इंधनाच्या टाकीत स्फोट होऊन १४ जण दगावले. मोडलेल्या बुरुजाच्या जागी दुसरा बुरूज बसविण्यात आला नाही. तेथे विमानविरोधी तोफा आल्या. ह्यापुढे तिच्यावर आठऐवजी सहाच मोठ्या तोफा राहिल्या. तहाचा काळ कधीच संपला होता. संकट आता समोरून नव्हे, वरून येत होते.

भगिनी नौका 'लिअँडर'चे त्याच वर्षी काय झाले हेही येथे सांगितले पाहिजे, कारण त्यात हलक्या क्रूझरची जपानी कल्पना स्पष्ट दिसते. 'मोगामी'च्या आधीच्या पिढीतील 'जिन्त्सू' (हीही नदीच) १९२५ साली सेवेत आलेली, सुमारे ५,२०० टनांची, सात ५.५ इंची तोफा, एकेक सुटी ठेवलेली. विनाशिकांच्या ताफ्याचे नेतृत्व करीत रात्री शत्रूवर पाणतीर सोडावयाचे, हे तिचे मुख्य कार्य. १२-१३ जुलै १९४३ च्या रात्री कोलोंबंगारा बेटाजवळ तिने शोधदिवा लावून शत्रूच्या नौका उजळल्या. उजेड दोन्हीकडे पडतो. 'लिअँडर' आणि दोन अमेरिकन हलक्या क्रूझर ह्यांच्या तोफा रडारच्या साहाय्याने तिच्यावर वळल्या आणि 'जिन्त्सू' जवळजवळ सर्व माणसांसह बुडाली. परंतु जपानी पाणतिरानेही 'लिअँडर'चा वेध घेतला, आणि युद्ध संपेपर्यंत ती रणात परतली नाही. ब्रिटिश हलकी क्रूझर तोफेवर विसंबलेली, जपानी पाणतिरावर. नाव एक, कल्पना दोन.

'अकिलीज'ने १९४५ साली ब्रिटिश पॅसिफिक ताफ्यातून जपानविरुद्धच्या शेवटच्या मोहिमांत भाग घेतला. नंतर भारताने ती विकत घेतली, आणि ५ जुलै १९४८ रोजी 'दिल्ली' ह्या नावाने ती पुन्हा सेवेत दाखल झाली. त्याच सप्टेंबरात ती मुंबईस आली. कप्तान एच. एन. एस. ब्राउन हे इंग्रज होते. त्यांचे दुय्यम अधिकारी कमांडर रामदास कटारी पुढे १९५८ साली भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. आणि १९४८ ते १९५१ ह्या काळात त्या नौदलाचे प्रमुख कोण होते? प्लेटच्या झुंजीत ह्याच नौकेवर जखमी झालेले पॅरी. आपली जुनी नौका नव्या नावाने त्यांच्या हाताखाली आली. १९५६ सालच्या त्या झुंजीवरील इंग्रजी चित्रपटात 'दिल्ली'ने 'अकिलीज'ची, म्हणजे स्वतःचीच, भूमिका केली; जाणत्या प्रेक्षकास तेवढी एका बुरुजाची उणीव दिसे.

१९५७ साली 'म्हैसूर' ही दुसरी हलकी क्रूझर आली. पूर्वीची 'नायजीरिया', नऊ ६ इंची तोफांची. फिटरबाबा बोलताना "दिल्ली आली" पण "म्हैसूर आलं" असे म्हणत. दोन्ही जहाजेच, परंतु लिंग जहाजाचे नव्हे, शहराच्या नावाचे चाले. व्याकरणाच्या वर्गात हे उदाहरण आम्ही अजून देतो.

डिसेंबर १९६१ च्या गोवामुक्तीच्या कारवाईत दोन्ही नौका कामास आल्या. 'म्हैसूर' व 'त्रिशूल' ह्यांनी अंजदीव बेटावर नौसैनिक उतरविले. त्या चढाईत सात जण कामी आले. 'दिल्ली'ने दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. व्यापारमार्ग राखण्यासाठी एका साम्राज्याने बांधलेल्या जहाजाचे ६ इंची गोळे दुसऱ्या साम्राज्याच्या तटबंदीवर पडत होते. क्रूझरशी लढण्यासाठी केलेली ही तोफ. तिचा गोळा वेगवान आणि सपाट जाणारा, जाड दगडी तट पाडण्यास मुद्दाम केलेला नव्हे. तरीही किनाऱ्यावरील फौजेला पाठबळ म्हणून हेच काम जगभरच्या हलक्या क्रूझरांच्या वाट्यास अखेरच्या काळात आले.

'दिल्ली' पुढे प्रशिक्षणाच्या कामी राहिली आणि ३० जून १९७८ रोजी मुंबईत सेवामुक्त होऊन मोडीत निघाली. तिचे नाव १९९७ साली माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या नौकेस मिळाले. ह्या नव्या 'दिल्ली'चे वजन पूर्ण भारासह सुमारे ६,७०० टन आहे. आकाराने ती जुन्या 'दिल्ली'च्या पंक्तीस बसते. तिची मुख्य तोफ एकच, तीही १०० मिलिमीटरची. खरी भिस्त क्षेपणास्त्रांवर. तिला क्रूझर म्हणत नाहीत, विनाशिका म्हणतात. १९३० च्या कलमाची फूटपट्टी तिला लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण मोजण्याचा गुणच बदलला आहे.

जुन्या नौकेचा शेवटचा, 'वाय' बुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नाविक तळाच्या प्रवेशद्वाराशी तो आपल्या दोन तोफांसह मांडलेला आहे.